कथास्पर्धा: ३१४० शब्द, मर्यादा २०००, मुदत रविवार रात्र. कात्री कुठे लावू?

अर्धविराम (मंगळवार, रात्री ११:१०)

मंडळी, मदत हवीये आणि वेळ थोडा आहे.

हिवाळा आला की दक्षिण मुंबईत साहित्य महोत्सवांचं पीक येतं. त्यातल्या एकाने यंदा मराठी कथास्पर्धा ठेवली आहे. (नाव मुद्दाम लिहीत नाही. परीक्षकांपैकी कोणी इथे वावरत असलं तर उगाच घोटाळा नको.) नियम नेहमीचेच: कथा स्वतःची, अप्रकाशित, जास्तीत जास्त २००० शब्द, युनिकोडमध्ये टंकलेली, एकाची एकच प्रवेशिका, फाइलमध्ये कुठेही लेखकाचं नाव नको.

माझी कथा भरलीये ३१४० शब्दांची.

गोष्ट थोडक्यात अशी. साल १९८४. लालबागचा एक गिरणी कामगार दर महिन्याला सीएसएमटी स्टेशनला उतरतो, जीपीओसमोर (म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीसमोर) कबुतरखान्याच्या कडेला ताडपत्रीखाली बसणाऱ्या पत्रलेखकाकडे जातो आणि कोकणात बायकोला पत्र लिहून घेतो. पत्रलेखक हळूहळू पदरची एकेक ओळ त्यात घालायला लागतो. शेवटी बायकोचं उत्तर येतं ते नेमकं त्या घुसडलेल्या ओळीला.

सुरुवातीचे साधारण ९०० शब्द निव्वळ जीपीओ आहे. घुमट, कबुतरं, पार्सलं शिवायचा दाभण, लाखेचा वास. माझे सगळ्यात लाडके शब्द तेच आणि नवरा म्हणतो तेच काप. बोला.

मनीमाऊ (मंगळवार, रात्री ११:१८)

रुमाल टाकून जागा धरून ठेवते. बाकी नवरा म्हणतोय म्हणजे अजिबात कापू नकोस. (हलकेच घे.)

मास्तर_बोरिवली (मंगळवार, रात्री ११:५२)

मर्यादेला एवढं घाबरू नका. मराठीत छोटी गोष्ट जन्मली तीच जागेच्या हिशेबात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढलं, त्यात कादंबऱ्या आठवड्या-आठवड्याने क्रमशः चालायच्या आणि एका अंकात आटपणाऱ्या गोष्टींना ते 'स्फुट गोष्टी' म्हणायचे. लघुकथा, नवकथा ही बारशी नंतरची.

अवांतर: जीपीओच्या ९०० शब्दांत 'विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा, जॉन बेग यांच्या आराखड्याप्रमाणे १९१३ मध्ये पूर्ण झालेला' असं एखादं वाक्य आहे का हो?

अर्धविराम (मंगळवार, रात्री ११:५५)

आहे. :(

मास्तर_बोरिवली (मंगळवार, रात्री ११:५६)

तेवढे दहा-बारा शब्द वाचले म्हणायचे.

उपसंपादक_निवृत्त (बुधवार, सकाळी ७:३०)

दोन वर्षांपूर्वी मी एका (वेगळ्या) स्पर्धेची पहिली चाळणी केली होती. माझ्या वाट्याला आलेला गठ्ठा साठेक कथांचा. बाहेरून लोकांना वाटतं परीक्षक म्हणजे सोफ्यावर रेलून कॉफी पीत वाचतात. मी विरार लोकलमध्ये उभ्याने वाचल्या, मोबाईलवर, एका हाताने कडी धरून. तेव्हा लक्षात ठेवा, तुमचं पहिलं पान कोण कशा अवस्थेत वाचणार आहे ते.

त्या गठ्ठ्यातल्या किती तरी कथा पावसाने उघडत होत्या. उरलेल्या वाफाळत्या चहाने, नाहीतर लोकलच्या खिडकीने. पाऊस बाहेर, चहा हातात आणि खिडकीतून आठवण, अशी तिन्ही एकाच वाक्यात आणणारीही एक होती. तिला मी मनातल्या मनात उत्तेजनार्थ देऊन टाकलं.

तुमच्याबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पत्रलेखक स्वतःची ओळ घालतो, हे वाचणाऱ्याला दुसऱ्या पानावर कळतं. पत्रलेखक म्हटलं की सगळ्यांना आधी तेच सुचतं. म्हणजे तुमची कथा लांब आहे हा दुय्यम प्रश्न. तिच्या शेवटाची चाहूल फार आधी लागते, हा पहिला.

आणि शब्दमर्यादा मोजणारा माणूस रसिक नसतो. २००१ असले तरी प्रवेशिका बाजूला जाते, आत काय लिहिलंय ते कोणी बघत नाही.

अर्धविराम (बुधवार, सकाळी ८:०५)

राग नाही आला. जरा लागलं. डबा भरून झाला की उत्तर देते.

कांदेनवमी (बुधवार, सकाळी ९:४०)

मुळात या महोत्सवांत मराठीला किंमत किती ते बघा. मागे मी एका ठिकाणी गेलो होतो. हिरवळीवर मोठा मंडप, तिथे इंग्रजी. मराठीचा कार्यक्रम रविवारी सकाळी साडेनवाला, मागच्या खोलीत, आणि त्या दिवशी मेगाब्लॉक! श्रोते नऊ, त्यातले चार वक्त्यांचे नातेवाईक. सूत्रसंचालिका 'कथाकथन' हा शब्द तीनदा अडखळली. कशाला जीव काढताय त्यांच्यासाठी?

मनीमाऊ (बुधवार, सकाळी ९:४८)

पाचवे तुम्ही, मग उरलेले चार कोण?

कांदेनवमी (बुधवार, सकाळी ९:५०)

ध्वनिव्यवस्थावाले.

गिरणगावकर (बुधवार, दुपारी १:१५)

मी साहित्यातला माणूस नाही. पण वडील गिरणीत होते आणि मी लालबागलाच वाढलो, म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. रीतसर तो कधी मागे घेतलाच नाही. काही गिरण्या पुढे सुरू झाल्या, पण १९८४ ला लालबागचा कामगार दर महिन्याला निवांत पगार घेऊन गावी पैसे धाडतोय, हे वाचून आमच्याकडचा कोणीही पुस्तक मिटेल. तेव्हा कित्येक जण स्वतःच गावी जाऊन बसले होते आणि इथे राहिलेल्यांना गावाहून तांदूळ येत होते. कथा १९७९ ला न्या.

दुसरी. तेव्हा सीएसएमटी नव्हतं. नाव बदललं १९९६ ला आणि त्यात 'महाराज' आलं २०१७ ला. माणूस व्ही.टी. म्हणेल. माझे वडील तर शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायचे.

तिसरी जरा मोठी आहे. लालबागचा माणूस पत्र लिहून घ्यायला जीपीओला कशाला जाईल हो? गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जण असायचे, पाळीप्रमाणे झोपायचे. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी त्याला. एवढ्यांत एखादा सातवी शिकलेला सापडायचाच. नाहीतर खानावळवालीचा पोरगा. जीपीओसमोरच्या लेखकांकडे ज्यांचं इथे आपलं माणूस नाही ते जायचे, लांबून आलेले, वेगळ्या भाषेचे. आमच्याकडे माणसांची कमी नव्हती, जागेची होती.

अर्धविराम (बुधवार, दुपारी १:३२)

तिसरा मुद्दा वाचून पाचेक मिनिटं नुसती बसून राहिले. म्हणजे अख्खं जीपीओच गेलं.

मनीमाऊ (बुधवार, दुपारी १:३४)

नवरा जिंकला की गं.

टंकनिका (बुधवार, दुपारी ३:००)

शब्दांच्या हिशेबाबद्दल एक. वर्डमध्ये मोजणी दोन मोकळ्या जागांमधला मजकूर म्हणजे एक शब्द, अशी होते. आपल्या विभक्त्या जोडून येतात: 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एक शब्द. हिंदीवाला 'घर के सामने वालों को भी' लिहितो, सहा मोजले जातात! दोन्ही भाषांना मर्यादा एकच असेल तर मराठी आधीच फायद्यात आहे.

पण त्याचा गैरफायदा घेऊ नकोस. लोक 'जाऊनआला', 'म्हणूनतर' असं चिकटवून पाठवतात आणि ते लगेच ओळखू येतं. जुन्या श्रीलिपी फाँटमधून मजकूर युनिकोडमध्ये आणला असशील तर रफार आणि जोडाक्षरं एकदा नीट तपास, त्यात शब्द मधेच फुटतात आणि मोजणी वाढते.

काळा_डगला (बुधवार, सायं. ६:२०)

नियमावलीत हक्कांबद्दल काय लिहिलंय, ते कोणी विचारलंच नाही. ते कलम इथे टाक.

अर्धविराम (बुधवार, सायं. ६:४१)

'सहभागी सर्व कथांचे सर्व प्रकारचे हक्क आयोजकांकडे राहतील.' एवढंच आहे. खाली चौकोनात टिचकी मारायची.

काळा_डगला (बुधवार, रात्री ८:१०)

हे असं मोघम कलम सगळीकडे एकमेकांचं पाहून उतरवलेलं असतं. स्वामित्व हक्क कायदा १९५७ चा, त्याचं कलम १९ वाच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मोबदला किती आणि असलाच तर, तेही त्यात यायला हवं. आता चौकोनातली टिचकी म्हणजे सही का, यावर दोन वकील चार तास भांडू शकतात, म्हणून तिथे जायचंच नाही. आयोजकांना दोन ओळींची मेल टाक: नेमक्या कुठल्या कथा, कुठे छापणार, किती काळासाठी.

कथेखाली तुझं नाव हवं, तिची मोडतोड होऊन बदनामी व्हायला नको, हा वेगळा हक्क. तो कलम ५७ मध्ये आहे आणि बाकीचे हक्क देऊन टाकले तरी तुझ्याकडे राहतो.

कथेचा विषय इथे सांगितलास म्हणून कथा प्रकाशित झाली असं नाही. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. म्हणून कथेतला एकही परिच्छेद मात्र इथे टाकू नकोस.

गिरणगावकर (बुधवार, रात्री १०:०५)

दुपारी लिहिलं ते जरा जास्त कडक झालं असेल तर माफ करा. घरी येऊन आईशी बोललो, तिने एक आठवण काढली. उपयोग होतो का बघा.

आजोबा पत्र फार कमी पाठवायचे. मनीऑर्डर मात्र दरमहा. त्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, त्यावर निरोपापुरती जागा, तीन-चार ओळी कशाबशा. पोस्टमन पैसे देताना ते फाडून घरी ठेवायचा. आमच्या आजीने ती सगळी कुपनं तारेत ओवून देवळीत टांगली होती, रेशनच्या दुकानात बिलं लावतात तशी. सगळ्यांवर जवळजवळ एकच मजकूर: येथे सर्व कुशल, अमुक रुपये पाठवले, पोचल्याचे कळवणे. आजोबांना लिहिता यायचं नाही, खोलीतला एक मुलगा लिहायचा.

आणि उलट टपाली यायची ती पोच. फॉर्मचाच एक तुकडा, त्यावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. आजीचा अंगठा असायचा. म्हणजे दर महिन्याला बायकोचं म्हणून आजोबांच्या हातात पडायचं ते एवढंच, निळ्या शाईतला अंगठा.

एका महिन्याला त्या ठशावर आडवी पांढरी रेघ आली. रेषा मधेच तुटलेल्या. आजोबा खिडकीत नेऊन किती तरी वेळ बघत बसले म्हणे. मग पुढच्या मनीऑर्डरीला त्या मुलाला म्हणाले, नेहमीचं सगळं लिही आणि शेवटी लिही, 'विळी जपून'. मुलाला काही कळेना. त्याने तीनदा विचारलं, विळी का?

त्या कुपनावर हळदीचा डाग आहे. ते आईकडे अजून आहे.

मनीमाऊ (बुधवार, रात्री १०:११)

...

मी आत्तापर्यंत केलेले सगळे विनोद मागे घेते.

उपसंपादक_निवृत्त (बुधवार, रात्री १०:४०)

अर्धविराम, पत्रलेखकाला निवृत्त करा. ही तुमची कथा.

एकच विनंती. शेवटी बायको लिहायला शिकते आणि अंगठ्याच्या जागी सही येते, असं कृपया करू नका. तुमच्या डोक्यात ते आत्ता आलेलं आहे, मला माहीत आहे.

अर्धविराम (बुधवार, रात्री १०:४३)

आलं होतं. :(

पण गिरणगावकर, ही गोष्ट तुमच्या घरातली आहे. मी कशी वापरू?

कांदेनवमी (बुधवार, रात्री १०:५८)

नियमात 'कथा स्वतःची' आहे, ते बसतं का यात? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

काळा_डगला (बुधवार, रात्री ११:१५)

कायद्याने बसतं. घडलेल्या गोष्टीवर कोणाची मालकी नसते. घरच्यांना काय वाटतं हा प्रश्न कायद्याचा नाही, तो त्यांनाच विचारायचा.

गिरणगावकर (गुरुवार, सकाळी ६:५०)

आईला विचारलं. ती म्हणाली, वापरू दे तिला, आपल्यात कोण लिहिणार आहे? तार, कुपन, पोच, ठसा, सगळं घ्या. फक्त 'विळी जपून' घेऊ नका. ते दोन शब्द घरचे आहेत.

अर्धविराम (गुरुवार, सकाळी ७:१५)

नाही घेणार. आईंना माझा नमस्कार सांगा.

मास्तर_बोरिवली (गुरुवार, दुपारी २:३०)

कामाला लागा. तोवर बाकीच्यांसाठी एक किस्सा, फाइलमध्ये नाव नको या नियमावरून आठवला. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक: नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून! तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, नाव पाहून परीक्षक दबतील म्हणून ही युक्ती. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. पुढे हेच गृहस्थ २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आजच्या परीक्षकाला अक्षर दिसत नाही, पण फाइलला शेपूट असतंच. टंकनिका, सांगा.

टंकनिका (गुरुवार, दुपारी ३:१०)

हो! वर्डची फाइल उघडून 'माहिती'मध्ये जा, तिथे 'लेखक' म्हणून ज्याच्या नावाने वर्ड घेतलंय त्याचं नाव आपोआप पडलेलं असतं. पीडीएफ केली तरी बऱ्याचदा ते तसंच पुढे जातं. फाइलच्या नावातही लोक स्वतःचं नाव घालतात, 'कथा_अंतिम_खरंच_अंतिम_सुलभा' असं काहीतरी.

अर्धविराम (गुरुवार, दुपारी ३:२२)

पाहिलं आत्ता. लेखक म्हणून नवऱ्याचं नाव आहे! लॅपटॉप त्याचा. कथा त्याच्या नावावर पहिली आली असती तर मी घर सोडलं असतं.

आणि आयोजकांचं उत्तर आलं. फक्त निवडलेल्या दहा कथा महोत्सवाच्या स्मरणिकेत एकदा छापणार, बाकी हक्क लेखकाकडे. कलम 'चुकून राहिलं' म्हणे. काळा_डगला, धन्स.

काळा_डगला (गुरुवार, दुपारी ४:००)

मेल जपून ठेव. पुसू नकोस.

अर्धविराम (शनिवार, मध्यरात्री १:४०)

जागं आहे का कोणी? जीपीओ गेलं. पत्रलेखक गेला. आता सगळं खोलीत घडतंय, कुपन लिहिणाऱ्या मुलाच्या नजरेतून. वय तेरा. त्याला काही कळत नाही आणि तो विचारत राहतो. १६०० शब्द झालेत, आश्चर्य म्हणजे जागा उरलीये.

अडकले ते त्या दोन शब्दांवर. घरचे शब्द घ्यायचे नाहीत म्हटल्यावर माझा माणूस काय लिहायला सांगेल? 'काळजी घे' लिहून पाहिलं, मेलं. 'हात कसा आहे' हा प्रश्न झाला आणि कुपनाला उत्तर देता येत नाही. तीन तास दोन शब्दांपाशी बसले आहे.

गिरणगावकर (शनिवार, मध्यरात्री १:५५)

जागा आहे. एक सांगू? आजोबांना विळीच सुचली, कारण घरातली विळी त्यांनीच लालबागच्या बाजारातून नेली होती. धार त्यांनीच लावून घेतली होती. तुमच्या माणसाने घरी काय नेलं होतं?

अर्धविराम (शनिवार, मध्यरात्री २:०१)

थांबा.

मनीमाऊ (शनिवार, सकाळी ८:३०)

सुचलं का? काय नेलं होतं? अडकित्ता? खवणी? कोयता?

टंकनिका (शनिवार, सकाळी ८:३३)

सांगू नकोस गं इथे!

अर्धविराम (शनिवार, सकाळी ९:१०)

नाही सांगत. पण सुचलं.

कांदेनवमी (रविवार, सकाळी ११:००)

बोलू नये पण बोलतो. स्मरणिकेत आली आणि तिथे वाचायला बोलावलं, तर दिवस-वेळ आधी कळवा. मेगाब्लॉक असला तरी येईन.

अर्धविराम (रविवार, रात्री ११:२१)

पाठवली. १९९६ शब्द. टंकनिकाने काल रात्री शुद्धलेखन पाहून दिलं (खासगीत, घाबरू नका), उपसंपादकांनी पहिलं पान तीनदा लिहायला लावलं. उघडते खानावळीतल्या ताटांच्या आवाजाने. पाऊस नाही, चहा नाही. एक कबुतर मात्र ठेवलंय, खोलीच्या छपरावर. नवऱ्याला दिसलेलं नाही.

उपसंपादक_निवृत्त (रविवार, रात्री ११:२६)

मला दिसलं होतं. राहू दे म्हटलं. पुढील लेखनास शुभेच्छा.

मास्तर_बोरिवली (रविवार, रात्री ११:३१)

अभिनंदन! १९९६ मध्ये शीर्षक धरलंय ना?

अर्धविराम (रविवार, रात्री ११:३२)

शीर्षक धरतात??

टंकनिका (रविवार, रात्री ११:३३)

किती शब्दांचं आहे?

अर्धविराम (रविवार, रात्री ११:३४)

पाच.

मनीमाऊ (रविवार, रात्री ११:३४)

नियम बघ. नियम बघ. नियम बघ.

अर्धविराम (रविवार, रात्री ११:४१)

'शीर्षक वगळून.' कलम सहा.

पाणी पिऊन येते.